कथा आत्ता कुठे आहे? पाच पायऱ्यांचा फॉर्म लिहून ठेवताना आणि तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका दिवाळी अंकासाठी लेखकांनी कथा पाठवायचा ऑनलाइन फॉर्म तयार होतोय. त्याच्या पाच पायऱ्या आहेत: लेखकाची माहिती, कथेची माहिती, मजकूर किंवा फाइल, मानधनासाठी बँकेचा तपशील, आणि शेवटी संमती देऊन पाठवणं. याचं डॉक्युमेंटेशन आणि टेस्टिंग हा प्रश्न विचारणाऱ्या एकट्या व्यक्तीकडे आलंय, हाताशी तीन आठवडे आहेत. सुरुवात कुठून करायची?

स्क्रीनशॉट काढून त्याखाली बाण मारायला बसू नका. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि पहिला आठवडा त्यातच जातो. डिझाइन बदललं की ते सगळे स्क्रीनशॉट शिळे होतात. त्याऐवजी कोरा कागद घ्या, पाचही पायऱ्या एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीसमोर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: या क्षणी लेखकाची कथा नेमकी कुठे आहे? फक्त त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर? ब्राउझरच्या साठ्यात? सर्व्हरवर मसुदा म्हणून? की संपादकांच्या यादीत पोचलेली? वीज गेली, फोन आला, ब्राउझर बंद झाला, तर ती कुठे सापडेल?

हा प्रश्न मी का धरून बसले आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका कथास्पर्धेच्या फॉर्मची चाचणी आमच्या गटाने केली होती. एक्सेलमधल्या सगळ्या टेस्ट केस (एकेक तपासायची गोष्ट) हिरव्या, म्हणजे पास, होत्या. फॉर्म सुरू झाल्यावर एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. त्यांनी कथा दुसरीकडे लिहून आणली नव्हती, फॉर्मच्या चौकटीतच दुपारभर बसून टाइप केली होती. 'पुढे' दाबलं आणि समोर लॉगिनचं पान आलं. कथा गेली. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. आमच्यापैकी प्रत्येकाने त्या चौकटीत चाचणीसाठी दोन ओळी टाकून लगेच पुढचं बटण दाबलं होतं. चौकटीत कुणी तीन तास बसेल हे आमच्या कागदावर कुठेच नव्हतं, म्हणून ते तपासलंही गेलं नाही.

कारण अगदी साधं होतं. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत सेशनचं, म्हणजे लॉगिन केलेल्याला सर्व्हर ओळखत राहतो त्या नोंदीचं, आयुष्य मूळ सेटिंगनुसार १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं. शिवाय ते बरोबर चोविसाव्या मिनिटाला जातं असंही नाही. त्यानंतर जेव्हा केव्हा साफसफाई चालते तेव्हा ते जातं. त्यामुळे हा बग कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि "आमच्याकडे तर चालतंय" असं डेव्हलपर अगदी प्रामाणिकपणे सांगतो. तुमचा फॉर्म दुसऱ्या कशात केलेला असला तरी तिथेही अशी एक मुदत कुठेतरी असतेच. ती शोधून काढा, कागदावर मिनिटांत लिहा, आणि टेस्ट करताना ती मुदत उलटून जाईपर्यंत खरोखर थांबा. चहा घेऊन या, जेवून या आणि मग 'पुढे' दाबा.

तिसऱ्या पायरीची नोंद मी अशी लिहीन. "येताना: लेखकाची आणि कथेची माहिती सर्व्हरवर मसुदा म्हणून जमा. टाइप करताना: दर ३० सेकंदांनी मजकूर सर्व्हरवर जातो, नेट नसेल तर ब्राउझरच्या साठ्यात राहतो. 'शेवटचं जतन' ही वेळ चौकटीखाली दिसते. सेशन संपलं तर: पान बदलत नाही, त्याच पानावर पुन्हा ओटीपी मागितला जातो, मजकूर जागेवरच राहतो. मागे गेल्यास: मजकूर तसाच. परत आल्यास: मेलमधल्या दुव्यावरून त्याच जागी." एवढ्या पाच-सहा ओळींतून पंधरा टेस्ट केस आपोआप निघतात. आणि डेव्हलपरने वाचून "हे असं नाहीये" म्हटलं, तर टेस्टिंग सुरू व्हायच्या आधीच एक बग सापडला.

यानंतर फील्डचा, म्हणजे फॉर्ममधल्या भरायच्या प्रत्येक जागेचा, तक्ता. प्रत्येक फील्डची एक ओळ: लेखकाला दिसणारं नाव, कोणत्या पायरीवर, सक्तीचं केव्हा, काय चालतं, मर्यादा किती, चुकल्यास कोणता संदेश, आणि ही माहिती पुढे कोण बघतं. यातल्या 'मर्यादा' या रकान्यापाशी थांबा, कारण मराठीत सगळ्यात जास्त घोटाळे तिथे होतात. "शीर्षक: ४० अक्षरं" असं लिहिलं तर अक्षर म्हणजे काय? 'स्वातंत्र्य' या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोड या लिप्यांच्या प्रमाणित संकेतपद्धतीच्या हिशेबाने त्यात ११ कोड पॉइंट (प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा हलन्ताचा एकेक क्रमांक) आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३३ बाइट लागतात. संपादक ४० अक्षरं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पहिला हिशेब असतो, ब्राउझरची चौकट दुसरा लावते, आणि डेटाबेस काही ठिकाणी तिसरा. तक्त्यात एकक लिहिलंच पाहिजे. जोडाक्षर एक धरायचं की फोडायचं हे ब्राउझरच्या आवृत्तीवरही ठरतं, कारण देवनागरी जोडाक्षर सलग मानायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. म्हणून शीर्षकाची मर्यादा कोड पॉइंटमध्ये ठेवा आणि ती सैल ठेवा.

बाइटचा हिशेब कथेच्या मजकुराला जास्त बोचतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'टेक्स्ट' प्रकारच्या रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइटचा, म्हणजे २१,८४५ कोड पॉइंट. शब्दाला सरासरी सहा कोड पॉइंट आणि एक मोकळी जागा धरली तर साडेतीन हजार शब्दांच्या आसपास हा रकाना भरतो. दिवाळी अंकातली दीर्घकथा याच्या पुढे सहज जाते. डेटाबेस कडक सेटिंगवर असेल तर चूक दाखवून थांबतो, ते बरं. सैल सेटिंग असेल तर जास्तीचा मजकूर मुकाट्याने कापून टाकतो आणि लेखकाला "कथा मिळाली, धन्यवाद" असा संदेश जातो. शेवट नसलेली कथा संपादकांच्या टेबलावर पडते. रकाना 'मिडियमटेक्स्ट' करणं हा उपाय दोन मिनिटांचा आहे, पण तो बग सापडण्यासाठी कुणीतरी सहा हजार शब्दांची मराठी कथा खरोखर चिकटवून पाहावी लागते आणि साठवल्यावर तिचा शेवटचा शब्द वाचावा लागतो. इंग्रजी नमुना मजकूर वापरलात तर हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे अक्षराला एकच बाइट लागतो. सगळा नमुना मजकूर मराठीच हवा, आणि तो स्वतः लिहिलेला हवा. लेखकांनी पाठवलेल्या खऱ्या कथा चाचणीसाठी वापरू नका. त्या आपल्याकडे विश्वासाने आलेल्या असतात.

नमुना मजकुरात काय काय असावं? 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन्ही शब्द हवेतच. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक वेगळा 'ऱ' वापरून, दुसरी 'र', हलन्त आणि मध्ये झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. फॉर्मचा कोड "अदृश्य चिन्हं धोकादायक" म्हणून सरसकट काढून टाकत असेल तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या सगळ्या दऱ्या समुद्र होतात, आणि आचाऱ्यांना दिलेलं जेवणाचं बोलावणं आचार्यांना जातं. दोन्ही शब्द शुद्धच असल्याने मुद्रितशोधकालाही ते पटकन खटकणार नाही. तीच गोष्ट 'ॲ'ची. तो एका कोडनेही येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही येतो. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. एकाच शीर्षकाच्या दोन नोंदी यादीत दिसल्या तर आधी हे बघा.

नावाच्या फील्डमध्ये आणखी एक सापळा आहे. "नावात फक्त अक्षरं चालतील" असा नियम लिहिताना डेव्हलपर युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरतो. त्या वर्गात काना, मात्रा, वेलांटी, उकार येत नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे 'कमल' हे नाव पास होतं आणि 'सुमती' नाकारलं जातं. टेस्ट करणाऱ्याने सवयीने 'कमल' टाकलं तर बग सुटलाच. आद्याक्षरं आणि टिंब, दोन शब्दांची आडनावं, आडनाव नसलेलं टोपणनाव, हे सगळं टाकून पाहा. छापायचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव हे दोन वेगळे फील्ड हवेत, नाहीतर मानधन परत येतं. आणि ज्यांच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असतो ते फोन नंबरही मराठी आकड्यांत टाकतात. तो नाकारू नका, आतल्या आत इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या. परदेशातल्या मराठी लेखकांना दहा अंकी मोबाइल आणि सहा अंकी पिन कोडची सक्ती केलीत तर ते पहिल्याच पायरीवर अडकतील. सिंगापूरचा फोन आठ आकडी असतो आणि ब्रिटनच्या पोस्टकोडमध्ये अक्षरं असतात.

शब्दमोजणी हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण लेखक तिथे सारखे बघत असतात. जावास्क्रिप्टमध्ये शब्द ओळखायची जी नेहमीची खूण वापरतात ती फक्त इंग्रजी अक्षरं जाणते. तिने मोजलं तर तीन हजार शब्दांच्या मराठी कथेत शून्य शब्द भरतात. मोकळ्या जागांवर तोडून मोजा आणि तोच नियम नियमावलीत एका ओळीत लिहा, म्हणजे वाद होत नाही. शिवाय मोजणी कळ दाबण्याच्या घटनेवर बांधलेली असेल तर अँड्रॉइडवर ती बिघडते. तिथले बरेच कीबोर्ड प्रत्येक कळीसाठी २२९ हाच क्रमांक देतात. बोलून टाइप करणारे आणि व्हॉट्सॲपवरून चिकटवणारे तर कळ दाबतच नाहीत. चौकटीतला मजकूर बदलला की मोजायचं, असं हवं. हे लॅपटॉपवर कळणार नाही. हातात साधा अँड्रॉइड फोन घ्या.

आता फाइल. दिवाळी अंक १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केला तेव्हापासून आजवर कथा संपादकांकडे येण्याच्या वाटा बदलत आल्या, आणि आजही त्या एकाच वेळी तीन-चार आहेत. कुणी युनिकोडमध्ये लिहितं. कुणाची कथा डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन येते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसते. अशी फाइल आल्यावर मजकुरातल्या देवनागरी कोड पॉइंटचं प्रमाण मोजता येतं. ते फारच कमी असेल तर लेखकाला लगेच सांगा: "ही फाइल जुन्या फॉन्टमध्ये दिसते, सोबत पीडीएफही जोडा." फाइल नाकारू नका. त्या लेखकाकडे दुसरा मार्ग नसतो.

आणि कुणी हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतं. इथे पीएचपीच्या तीन मूळ मर्यादा एकाखाली एक उभ्या असतात: एका फाइलला २ एमबी, एकूण फॉर्मला ८ एमबी, आणि एका वेळी २० फाइल. एकूण मर्यादा ओलांडली की सर्व्हरला फॉर्म पूर्ण रिकामा पोचतो, आणि लेखकाला संदेश दिसतो, "शीर्षक भरा". शीर्षक तर त्याने भरलेलं असतं! तो पुन्हा भरतो, पुन्हा तेच. विसाची मर्यादा त्याहून वाईट. चोवीस पानांचे फोटो जोडले तर पहिली वीस पानं जातात, उरलेली चार गळतात, आणि लेखकाला काहीच सांगितलं जात नाही. म्हणून एकवीस फोटो जोडून पाहा. एक फाइल ठरलेल्या मर्यादेइतकी, एक तिच्याहून किंचित मोठी, असं काठावर उभं राहून तपासा. मुख्य म्हणजे पाठवण्याआधीच्या पानावर "तुम्ही २४ पानं जोडली आहेत" असा आकडा दाखवायला सांगा, म्हणजे लेखक स्वतःच ताडून बघेल.

फाइलच्या नावाबद्दल एकच सांगते. काही कोड नाव 'साफ' करताना वरखालच्या खुणा काढतात. तो नियम युरोपीय भाषांसाठी लिहिलेला असतो. त्याने 'कुंकू' नावाची कथा 'कक' होते. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ८५ कोड पॉइंट. साठवताना नाव म्हणून नोंदीचा क्रमांक वापरा आणि मूळ नाव डेटाबेसात ठेवा.

पायऱ्यांमधल्या ये-जा करण्याकडे आता येते. अनेक पायऱ्यांच्या फॉर्ममध्ये बग पायरीवर कमी आणि दोन पायऱ्यांच्या मधल्या उंबऱ्यावर जास्त असतात. दुसऱ्या पायरीवर 'अनुवादित कथा' निवडली, मूळ लेखकाचं नाव भरलं, परवानगीपत्र जोडलं, चौथ्या पायरीपर्यंत गेलं, मागे येऊन 'स्वतंत्र कथा' केलं. आता ते परवानगीपत्र कुठे आहे? काही फॉर्म ते लपवतात पण पाठवतात. काही ते सक्तीचंच ठेवतात, आणि दिसतच नसलेलं फील्ड भरा म्हणून लेखकाला अडवतात. पाचही पायऱ्यांचे गोल कागदावर काढा, त्यांच्यातले सगळे बाण काढा: पुढे, मागे, ब्राउझरचं मागे, मेलच्या दुव्यावरून परत, दुसऱ्या टॅबमध्ये तीच कथा. प्रत्येक बाण एकदा चालून बघा. दोन टॅबवाला बाण विसरू नका. जुन्या टॅबमधला मसुदा नव्यावर चढला तर लेखकाचं सकाळचं काम जातं.

शेवटच्या बटणाची चाचणी मी नेहमी फोन विमान मोडवर टाकून करते. 'पाठवा' दाबायचं आणि त्याच क्षणी नेट तोडायचं. कथा पोचली पण पोच आली नाही, अशी अवस्था मुद्दाम तयार करायची. लेखक अर्थातच पुन्हा 'पाठवा' दाबणार. दोन नोंदी झाल्या तर दोन परीक्षकांकडे एकच कथा जाते. उपाय ठरलेला आहे: मसुद्याला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता जुनीच पोच परत दाखवायची. टपालाच्या काळात लेखक स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट कथेसोबत पाठवत, म्हणजे 'साभार परत' तरी कळेल. पोच ही आपल्याकडे लेखकाच्या मानाची गोष्ट आहे. तिच्यात नोंद क्रमांक, शीर्षक, शब्दसंख्या, जोडलेल्या पानांची संख्या आणि कथेची पहिली व शेवटची ओळ असू द्या. शेवटची ओळ वाचली की पूर्ण कथा पोचल्याची खात्री लेखकालाच होते.

संमतीच्या पायरीचा मजकूर डेव्हलपरने कुठून तरी उचलून टाकलेला असतो. तो संपादकांकडून आणि शक्य असल्यास वकिलाकडून तपासून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. अंकाची ई-आवृत्ती परदेशात विकायची असेल तर हे आधी ठरवायला हवं. या कायद्याला लेखी आणि सही असलेला करार लागतो, म्हणून नुसत्या टिकमार्कवर किती भिस्त ठेवायची हेही वकिलालाच विचारा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. त्यात संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायचा पर्याय सांगितला आहे, आणि मराठी त्यात आहे. टेस्टिंगच्या बाजूने काम एवढंच: पडद्यावरचा मजकूर, मेलमधला मजकूर आणि नोंदीत साठवलेला मजकूर शब्दशः एकच आहे का, आणि मजकूर बदलला तर जुन्या लेखकांच्या नोंदीत जुनाच राहतो का, हे बघा.

चूक दाखवणारे संदेश एका वेगळ्या पानावर उतरवून संपादकांसमोर मोठ्याने वाचा. "अवैध इनपुट" ऐकून कुणालाच काही कळत नाही. "आयएफएससी कोडमधलं पाचवं चिन्ह शून्य असतं, तिथे ओ हे अक्षर आलं आहे" हे कळतं. पान मराठी असल्याची खूण कोडमध्ये आहे का तेही बघा, नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचायला जातो. एनव्हीडीए हा असा स्क्रीन रीडर मोफत आहे. एकदा पडदा बंद करून पाचही पायऱ्या कानाने पार करा.

फॉर्मचं दुसरं टोक संपादकांच्या एक्सेलमध्ये असतं आणि तिथे टेस्टर सहसा जातच नाहीत. यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) म्हणून उतरवली आणि फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण टाकायची राहून गेली, तर एक्सेलमध्ये सगळं देवनागरी विस्कटतं. ते निदान दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट म्हणजे एक्सेल आकड्यांतले पहिले १५ अंकच राखतं. सोळा अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीचे शून्य गळतात, आणि मानधन अडकतं. हा रकाना मजकूर म्हणूनच उतरायला हवा.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर पहिला आठवडा तो कागद आणि तक्ता यांना द्या, दुसरा उंबऱ्यांना आणि फाइलींना. तिसऱ्यात दोन-तीन ज्येष्ठ लेखकांना त्यांच्याच फोनवर फॉर्म भरायला द्या आणि शेजारी गप्प बसा. मदत करायची नाही, फक्त ते कुठे थबकतात ते लिहायचं.

शेवटची तारीखही तक्त्यातलं एक फील्डच आहे. "३१ जुलै, रात्री बारापर्यंत" असं लिहू नका. त्याचे दोन अर्थ होतात. "३१ जुलै, रात्री ११:५९, भारतीय वेळ" असं लिहा. न्यू जर्सीतल्या लेखिकेकडे तेव्हा दुपारचे २:२९ झालेले असतील. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल आणि वेळ तशीच टाकली असेल तर फॉर्म आपल्याकडे १ ऑगस्टच्या पहाटे ५:२९ पर्यंत उघडा राहतो. सर्व्हरचं घड्याळ बदलून हे आधी पाहून ठेवा. आणि ११:५९ ला ज्याची कथा अर्ध्यावर असेल त्याचं काय करायचं ते संपादकांकडून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर मसुदा वेळेत सुरू झालेला असेल तर अर्धा तास द्यावा. त्या रात्री साडेबारापर्यंत फोनजवळ कुणीतरी जागं असू द्या.